किल्लारीसारखा भूकंप आणि समुद्राखालचा भूकंप, दोन्हीत नेमका फरक काय

30 जुलै 2025 ला रशियात कामचाटकाजवळ समुद्राखाली 8.8 चा भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडं बऱ्याच जणांच्या मनात आधी हेच आलं असणार की किल्लारीचा 6.2 होता आणि त्यात गावंच्या गावं गेली, मग 8.8 नं तिकडं काय ठेवलं असेल? उर्जेचा हिशोब केला तर तो किल्लारीपेक्षा जवळपास आठ हजार पट मोठा. तरी तिकडं मोठी मनुष्यहानी झाली नाही. आकडा सांगतो जमिनीखाली एकूण किती ऊर्जा सुटली ते, माणूस कशानं मरतो ते त्यात नसतं.

किल्लारीचं बघा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोकं घरी येऊन झोपलेले. भूकंप जमिनीखाली जेमतेम दहा किलोमीटरच्या आसपास, आणि बरोबर वर वस्ती. त्यात घरं माळवदाची, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताची. दोन-अडीच फूट रुंदीची भिंत बाहेरून भक्कम दिसायची पण आत दोन वेगळे पदर असायचे, मधे दगडगोटे आणि माती भरलेली, दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा लांब दगड कुठंच नाही. वर माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीवर माती टाकलेली. हादरा बसला तसे भिंतीचे पदर फुटून सुटे झाले आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कित्येक ठिकाणी लाकडी खांब उभेच राहिले, भिंती गेल्या! मृतांचा आकडा कुठं 7,928 मिळतो, कुठं पावणेदहा हजाराच्या घरात. हे सगळं काही सेकंदांत झालं, पळायला वेळ कुठला?

समुद्राखालच्या मोठ्या भूकंपाचं गणित वेगळं आहे. तिथं एक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, दुसरीच्या खाली जात असते, वरची अडकून वाकत राहते आणि शेकडो वर्षांनी ती सुटली की समुद्राचा तळ काही मीटर झटक्यात वर येतो, अन् तळापासून वरपर्यंतचं अख्खं पाणी त्याच्यासोबत उचललं जातं. त्सुनामी ती हीच. वाऱ्याच्या लाटेत हलतं ते फक्त वरवरचं पाणी, म्हणून ती किनाऱ्यावर फुटून परत जाते, त्सुनामी मात्र आत घुसत राहते. खोल समुद्रात तिचा वेग तासाला 700-800 किलोमीटर असतो पण उंची इतकी कमी की वरच्या जहाजाला पत्ता लागत नाही, किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की वेग कमी होतो आणि उंची वाढते.

पण समुद्राखालचा प्रत्येक भूकंप त्सुनामी आणतोच असंही नाही, इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 26 डिसेंबर 2004 ला इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळ 9.1 चा झाला, भेग जवळपास 1300 किलोमीटर फाटत गेली, तळ उचलला गेला आणि वेगवेगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली. मग 11 एप्रिल 2012 ला त्याच सुमात्राच्या बाजूला 8.6 चा आला, चेन्नईपर्यंत लोकं रस्त्यावर आले, इशारे निघाले, आणि लाट मात्र फारशी आलीच नाही. कारण तिथं जमीन आडवी सरकली होती, वर उचलली नव्हती. पाण्यानं भरलेल्या हौदात तळाशी तळहात पालथा ठेवून एकदम वर उचला आणि मग तोच हात तळालगत आडवा सरकवून बघा, कळेल.

दुसरा मोठा फरक वेळेचा. 2004 ला भूकंप आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणी यायला दोन तासांहून जास्त लागले. दोन तास! किल्लारीला दोन मिनिटं सुद्धा मिळाली नव्हती. तरी एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, कारण सांगणारं कोणी नव्हतं. हैदराबादच्या इनकॉइसमधलं (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) त्सुनामी इशारा केंद्र त्यानंतर, 2007 मध्ये सुरू झालं. भूकंपाच्या अगदी जवळच्या सिमेलू बेटावर मात्र सत्तर हजारांवर लोकं राहत असून मेलेले हाताच्या बोटावर मोजण्याइतके. त्यांच्याकडं 1907 च्या लाटेची आठवण आजी-आजोबांकडून गाण्यागोष्टींत चालत आलेली, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं गेला की डोंगराकडं पळायचं, आणि ते पळाले. मला ह्या सगळ्यात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

आता आपल्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर इथं त्सुनामी येऊ शकत नाही, समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि आपण कितीतरी उंचीवर. 10 जुलै 2024 ला हिंगोलीत 4.5 चा झाला तसे धक्के जमिनीतलेच, तिथं बघायचं ते घराची भिंत आणि डोक्यावरचं छत. पण आपली माणसं कोकणात, पुरीला, रामेश्वरला जातातच की. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक मागं गेलेला दिसला, तर मेसेजची वाट न बघता लेकराबाळांना घेऊन उंचावर जायचं, आणि एक लाट येऊन गेली म्हणून सामान आणायला खाली उतरायचं नाही. दुसरी-तिसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते आणि हे कित्येक तास चालतं.