अनबिडनचा उलटा शब्द सॉलिसिटेड नाही हो

परवा भाचीचा मेसेज, मामा अनबिडनचा (unbidden, न बोलावता आलेला) अपोझिट काय, सॉलिसिटेड चालेल का. मी गाडीत होतो, चालेल म्हणून टाकलं आणि घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला की अरे चुकीचं सांगितलं आपण पोरीला, सॉलिसिटेड हा तर अनसॉलिसिटेडचा उलटा.

गंमत म्हणजे आपल्याकडे ही जोडी आधीपासून आहे, अनाहूत आणि अयाचित. अनाहूत म्हणजे न बोलावलेला, अयाचित म्हणजे न मागितलेलं. पाहुणा अनाहूत येतो, सल्ला अयाचित मिळतो (बऱ्याचदा तोच पाहुणा देतो). अयाचित आडनावाची माणसंही आहेत आपल्याकडे. तर अनबिडन हा अनाहूतचा भाऊ आणि अनसॉलिसिटेड अयाचितचा. दुपारी डोळा लागतोय तेवढ्यात लोन हवंय का म्हणून फोन येतो ना, तो अनसॉलिसिटेड, ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांतसुद्धा त्याला अनसॉलिसिटेड कमर्शियल कम्युनिकेशन असंच म्हणलंय, 1909 वर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) टाकतो आपण ते याच्याचसाठी. याचा उलटा सॉलिसिटेड, म्हणजे आपणहून मागवलेलं, जसं संपादकाने दिवाळी अंकासाठी लेखकाकडे स्वतः फोन करून मागितलेली कथा.

अनबिडनचं तसं सरळ नाही. मुळात बिड हे जुन्या इंग्रजीतली दोन क्रियापदं एकमेकांत मिसळून झालंय, एकाचा अर्थ विनवणं, मागणं आणि दुसऱ्याचा देऊ करणं, हुकूम सोडणं. लिलावातली बिड दुसऱ्याकडून आली. त्यामुळे कागदावर उलटा शब्द बिडन, बोलावलेला किंवा आज्ञा झालेला, पण हा बिडन एकटा कोण वापरतं आता? मानसशास्त्रवाल्या कार्ल युंगने स्वित्झर्लंडमध्ये क्युसनाख्तला घर बांधलं, त्याच्या दारावर एक लॅटिन ओळ कोरलीय, बोलवा नाहीतर नका बोलवू, देव हजर असणारच. तिचं इंग्रजी करताना लोक बिडन ऑर अनबिडन लिहितात, तिथे तो दिसतो, रोजच्या बोलण्यात नाही.

म्हणून माणूस आला असेल तर उलटा इन्व्हायटेड, आपला निमंत्रित. पण इंग्रजीत अनबिडन जास्त करून आठवणींना, विचारांना, अश्रूंना लावतात. भांडी घासताना अचानक आजीच्या हातच्या पिठल्याचा वास आठवला आणि डोळे भरले, ते अनबिडन. इथे इन्व्हायटेड अश्रू म्हणलं तर हसतील लोक, इथे डिलिबरेट किंवा फोर्स्ड, म्हणजे मुद्दाम काढलेले, ओढूनताणून आणलेले.

आणि परीक्षेत ऑप्शनमध्ये फॉरबिडन दिसला की पोरं हमखास फसतात, शेपूट सारखं आहे ना. तो मनाई केलेला. अनबिडन पाहुण्याला कुणी येऊ नको म्हणलेलं नसतं, ये म्हणलेलं नसतं एवढंच.