मायकोरायझा

जमिनीतील कवके (बुरशी) आणि वनस्पतींची जिवंत मुळे यांच्या सहजीवनाला मायकोरायझा म्हणतात. ग्रीक भाषेतील कवक आणि मूळ या दोन शब्दांपासून हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये घडवले. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात कृषी सेवा केंद्रात मिळणारी ‘व्हॅम’ची (मायकोरायझाच्या एका प्रकाराच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) पावडर अनेकांच्या परिचयाची आहे, ती याच कवकांची. परंतु पिशवीत भरून विकण्याच्या कितीतरी आधीपासून, चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ, हे सहजीवन चालू आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील जीवाश्मांत, खरी मुळे फुटण्याच्याही आधीच्या वनस्पतींच्या पेशींत, अशी कवके सापडली आहेत.

झाड पानांत तयार केलेल्या अन्नातील सुमारे ४ ते २० टक्के वाटा कवकाला देते. कवक त्याबदल्यात फॉस्फरस, जस्त, नायट्रोजन आणि काही प्रमाणात पाणी पुरवते. यांत फॉस्फरसचे महत्त्व सर्वांत मोठे. तो जमिनीत जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे मुळालगतचा साठा लवकर संपतो. पांढरी मुळी जिथे पोचत नाही अशा मातीच्या बारीक फटींत काही मायक्रॉन जाडीचा कवकतंतू सहज शिरतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडी या भागांतील जांभ्याच्या मातीत तर लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतात. वर धो धो पावसाने उरलेली अन्नद्रव्ये वाहून जातात. अशा नापीक मातीवर दाजीपूरसारखे घनदाट रान उभे राहते, यात या कवकांचा वाटा फार मोठा आहे.

जंगलातील मायकोरायझाचे मुख्य प्रकार दोन. बाह्य प्रकारात कवक मुळाच्या टोकाला मोज्यासारखे वेढते आणि पेशींच्या मधल्या जागेत पसरते. पाइन, ओक, बर्च ही त्याची झाडे. आंतर प्रकारात कवक थेट पेशीच्या भिंतीतून आत जाऊन झुडपासारख्या बारीक फांद्या फोडते. जगातील सुमारे सत्तर टक्के वनस्पतींत हाच प्रकार आढळतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा यांच्या रानातही मुख्यतः तोच आहे. या कवकांची छत्री जमिनीवर उगवत नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात वारुळांवर येणारी अळंबी वेगळीच. ती वाळवीच्या संगतीने वाढते, झाडाच्या मुळाशी तिचा असा संबंध नाही.

हा फरक ध्यानात ठेवणे गरजेचे आहे, कारण ‘झाडे जमिनीखालून, कवकतंतूंच्या जाळ्यातून, एकमेकांना अन्न पाठवतात’ ही लोकप्रिय मांडणी मुख्यतः बाह्य प्रकारावरील संशोधनातून आली. कॅनडातील वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी ब्रिटिश कोलंबियातील रानात कागदी बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांना कार्बनची वेगवेगळी समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे, म्हणून ओळखता येणारे अणू) देऊन कार्बन एका रोपातून दुसऱ्यात जातो हे दाखवले. तो निबंध १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. काम मोलाचे होते आणि त्याने जमिनीखाली पाहण्याची सवय लावली. मात्र २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होकसेमा यांनी आजवरचे पुरावे तपासून, प्रत्यक्ष रानात अशी देवाणघेवाण कवकाच्या जाळ्यातूनच होते आणि रोपांना तिचा सर्रास फायदा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे दाखवून दिले. कॅनडाच्या फरचे निष्कर्ष जसेच्या तसे राधानगरीच्या जांभळाला लावणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

आंतर प्रकार ओळखायचा तर सूक्ष्मदर्शक लागतो. कोवळी मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करतात, मग ट्रायपॅन ब्लू रंगात ठेवतात. निळ्या रंगात उठून दिसणारे तंतू, फुगीर पिशव्या आणि पेशीतील झुडपे पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी तो क्षण विसरत नाही. बीजाणूंसाठी (कवकाच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांसाठी) माती पाण्यात कालवून एकाखाली एक ठेवलेल्या बारीक चाळण्यांतून गाळतात. पश्चिम घाटातील या कवकांवर गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मोठे काम झाले आहे.

सगळ्याच वनस्पती ही भागीदारी करतात असे नाही. मोहरी-कोबीचे कूळ आणि राजगिऱ्याचे कूळ सहसा तिच्याविना जगतात. सड्यावरील सीतेची आसवे किडे पकडून पोषण मिळवतात आणि त्यांनाही बहुधा कवकाची गरज पडत नाही. आमरीची (ऑर्किडची) गोष्ट नेमकी उलट. तिचे धुळीसारखे बी अन्नाचा साठा घेऊन येत नाही. कवक भेटले तरच ते रुजते. तोडलेल्या झाडावरून आमरी काढून घरच्या कुंडीत लावता येते, पण तिची पुढची पिढी तिथे सहसा येत नाही.

आंतर प्रकारातील कवके वरच्या वीतभर मातीत सर्वाधिक असतात, त्यामुळे नुकसानही तिथेच होते. बॉक्साइटच्या खाणीत हाच थर आधी निघतो, आणि काढून ढीग करून ठेवलेल्या मातीतील कवक काळानुसार कमी होत जाते. शेतात स्फुरदाचा (फॉस्फरसच्या खताचा) मारा वाढला की मुळे कवकाला दाद देईनाशी होतात. तेव्हा महागडी पावडर टाकूनही उपयोग कमीच. वनीकरणात रोपवाटिकेची रोपे बहुधा अशा कवकांविना येतात. जवळच्या त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती रोपाच्या खड्ड्यात मिसळली, तर स्थानिक कवक रोपाच्या मुळापर्यंत पोचते. ही माती रस्त्याकडेच्या किंवा बांधावरच्या झाडाखालून घ्यावी, देवराईतून उकरू नये.