ऑप्शन-मूल्यांकनाच्या संख्यात्मक पद्धती

ज्या ऑप्शन कराराची (ठरलेल्या भावाने मत्ता घेण्याचा वा विकण्याचा हक्क देणाऱ्या कराराची) किंमत तयार सूत्रातून मिळत नाही, त्याचे आसन्न (अंदाजे) मूल्य क्रमवार आकडेमोडीने काढण्याच्या पद्धती. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे १९७३ चे सूत्र यूरोपीय, म्हणजे केवळ मुदतीच्या दिवशी बजावता येणाऱ्या, करारांसाठी आहे. मुदतीपूर्वी केव्हाही बजावता येणारा अमेरिकी पुट (विकण्याचा हक्क) किंवा भावांच्या अंकगणिती सरासरीवर बेतलेला आशियाई ऑप्शन त्यात बसत नाही.

द्विपद वृक्षाचे श्रेय सामान्यतः जॉन कॉक्स, स्टीफन रॉस व मार्क रूबिनस्टाइन यांच्या १९७९ च्या निबंधाला दिले जाते. त्याच वर्षी रिचर्ड रेंडलमन व ब्रिट बार्टर यांनीही तशीच रचना प्रसिद्ध केली होती; शिवाय खंडित कालाची मूळ सूचना विल्यम शार्प यांची असल्याचे कॉक्स प्रभृतींनी स्वतःच नमूद केले आहे. त्यामुळे कल्पनेचा उगम शार्प यांच्याकडे आणि प्रचलित मांडणी कॉक्स प्रभृतींकडे, असे म्हणणे अधिक रास्त ठरते. या पद्धतीत प्रत्येक पायरीवर भाव ठरावीक प्रमाणात चढतो वा उतरतो. ‘चढ-उतार’ आणि ‘उतार-चढ’ एकाच बिंदूवर येत असल्याने १०० पायऱ्यांनंतर केवळ १०१ अंत्यबिंदू उरतात. मग शेवटाकडून मागे येत, प्रत्येक बिंदूवर हक्क तत्काळ बजावल्याची प्राप्ती व करार राखण्याचे मूल्य यांतील मोठी संख्या घेतली जाते. पायऱ्या सम की विषम यानुसार उत्तर हेलकावते, हा तिचा परिचित दोष होय.

ब्लॅक-शोल्स यांचे आंशिक अवकल समीकरण उष्णतावहनाच्या समीकरणात रूपांतरित होत असल्याने, जॉन क्रँक व फिलिस निकोलसन यांची, असे समीकरण बिंदूंच्या जाळीवर सोडवण्याची, १९४७ ची पद्धती येथेही उपयोगी पडते. मायकेल ब्रेनन व एदुआर्दो श्वार्ट्झ यांनी १९७७ च्या सुमारास अमेरिकी पुटसाठी अशा जाळीचा अवलंब केला. मूळ मत्ता (ज्यांच्या भावावर ऑप्शन बेतलेला असतो त्या) तीन-चारांहून अधिक झाल्या की मात्र जाळीचा आकार आवाक्याबाहेर जातो.

फेलिम बॉयल यांनी १९७७ मध्ये ऑप्शनसाठी वापरलेली माँटे कार्लो पद्धती (अनेक यादृच्छिक भावमार्गांवरील प्राप्तीची सरासरी काढणारी) अशा वेळी सोयीची असते. तिच्यात त्रुटी निम्मी करण्यासाठी चौपट भावमार्ग घ्यावे लागतात. आशियाई ऑप्शनच्या बाबतीत केम्ना व फोर्स्ट यांनी १९९० मध्ये, जिच्यासाठी सूत्र उपलब्ध आहे अशा भूमितीय सरासरीचा आधार घेऊन हा खर्च बराच कमी केला. अमेरिकी हक्क मात्र दीर्घकाळ अडचणीचा राहिला, कारण मार्ग पुढे सरकतात आणि निर्णय मागून ठरतो. फ्रान्सिस लाँगस्टाफ व एदुआर्दो श्वार्ट्झ यांनी २००१ मध्ये करार राखण्याचे मूल्य समाश्रयणाने, म्हणजे मार्गांवरील आकड्यांना जुळणारा वक्र बसवून, अंदाजले. जाक कॅरिएर यांनी १९९६ मध्येच तत्सम मार्ग दाखवला होता, हे पुष्कळदा विसरले जाते. या रीतीने ठरवलेले धोरण सर्वोत्तमाहून किंचित उणे असते. म्हणून नव्या मार्गांवर पडताळल्यास मिळणारी किंमत सरासरीने खऱ्या किमतीहून अधिक नसते.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांवरील ऑप्शन २००१ मध्ये अमेरिकी पद्धतीने सुरू झाले व २०११ पासून यूरोपीय पद्धतीचे झाले. साहजिकच तेथे मुदतपूर्व हक्काच्या मूल्यांकनाचा प्रश्न मागे पडला.