मूर्ती किती झिजली?

ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. शिलाहारांच्या काळातलं हे मूर्तिकाम तेव्हापासून उघड्यावर पाऊस झेलतंय. लहानपणी आजोबांचं बोट धरून पाहिलेली बाहेरच्या भिंतीवरची एक मूर्ती परवा मला बोथटलेली वाटली. खरंच झिजली, की माझी आठवण पुसट झाली? दगडाच्या छिद्रांत पाणी मुरतं, सुकताना क्षारांचे स्फटिक फुगतात आणि आतून खपली सोडवतात. हे इतकं सावकाश चालतं की डोळ्यांना कळतच नाही.

कॉम्प्युटर व्हिजनला, म्हणजे संगणकाला फोटो 'वाचायला' लावणाऱ्या तंत्राला, ते कळू शकतं. दोन वर्षांचे दोन फोटो घ्या. कॅमेरा दुसऱ्यांदा नेमका त्याच जागी कधीच नसतो, म्हणून संगणक आधी दोन्हींतल्या कोपरे, कडा, डाग अशा खुणांच्या जोड्या लावतो, चुकलेल्या जोड्या गाळतो आणि एक फोटो ताणून-वळवून दुसऱ्यावर बसवतो. मग ठिपक्याशी ठिपका ताडला की नवा तडा लगेच उघडा पडतो. चित्र असेल तर शेजारी ठरावीक रंगांची पट्टी ठेवावीच लागते, नाहीतर संध्याकाळच्या उन्हाचा पिवळेपणा चित्राच्या खात्यावर जमा होतो. मूर्तीला मात्र खोली असते. तिचे चहूबाजूंनी, एकमेकांवर चढणारे फोटो काढून त्रिमितीय प्रतिकृती उभारायची आणि दोन प्रतिकृतींमधलं अंतर मोजायचं.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राचे ८,४३९ फोटो जोडून ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं, एकच छायाचित्र २०२२ मध्ये खुलं केलं. त्यात पिक्सेलपासून पिक्सेलचं अंतर मिलिमीटरचा दोनशेवा भाग! पुढची झीज आता याच छायाचित्राशी ताडता येईल.

ते चित्र बंद दालनात आहे. आपल्याकडे श्रावणातला ओला दगड संगणकाला काळवंडलेला वाटेल आणि शेवाळ म्हणजे नवा डाग. म्हणून मला वाटतं, फोटो दरवर्षी माघातच काढावेत: दगड कोरडा असतो, महाशिवरात्रीची गर्दी व्हायची असते. वेळ तीच, जागा तीच, शेजारी मोजपट्टी. आणि मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत बारीक तडे आधीच पुसलेले असतात.

घरी जुना अल्बम काढला. आजोबांबरोबरचा तो फोटो मिळाला. मूर्तीचा चेहरा नेमका त्यांच्या टोपीमागे आहे.