‘वीस एक’चा वाद आणि शाळेचं पुस्तक ठरतं कसं: थोडी पार्श्वभूमी

२०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन आलं आणि त्यावरून वाद पेटला, तो समजायला आधी पुस्तक ठरतं कसं ते बघू. शाळेचं पुस्तक बदललं की आपण सरसकट ‘अभ्यासक्रम बदलला’ म्हणतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ठरवणारी मंडळीही वेगळी असतात. अभ्यासक्रमात ढोबळपणे एवढंच येतं की दुसरीच्या मुलाला दोन अंकी संख्या वाचता-लिहिता आल्या पाहिजेत. त्या कुठल्या शब्दांत वाचायच्या, उदाहरणात आंबे घ्यायचे की खडू, आधी चित्र की आधी अंक, हे पुस्तक लिहिणारी विषय समिती आणि तिच्या हाताखालचा अभ्यासगट ठरवतो, त्यांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवरच छापलेली असतात, बहुतेक जण ती उलटून पुढे जातात.

आता यात शाळा कुठे आहे, तर जवळपास कुठेच नाही. आपली जिल्हा परिषद शाळा चालवते, इमारत बघते, शिक्षकांचं सगळं बघते, पण पुस्तक निवडत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांशी बोलताना हा फरक लगेच जाणवतो, तिकडे काही राज्यांत राज्य मंजूर पुस्तकांची यादी काढतं आणि डिस्ट्रिक्टचं स्कूल बोर्ड त्यातून निवडतं, काही राज्यांत तर सगळं डिस्ट्रिक्टवरच सोडलेलं असतं, आणि बोर्डाच्या मीटिंगला पालक उभे राहून बोलू शकतात.

आपल्याकडेही निवड कधीच नव्हती असं नाही. इंग्रजी अमदानीतल्या सरकारी क्रमिक पुस्तकांचं सोडा, पण नंतर बराच काळ खासगी वाचनमाला चालायच्या, नवयुग, अरुण वगैरे, सरकारची मंजुरी असलेल्यांतून शाळा निवडायच्या. मग १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगानंतर २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ सुरू झालं आणि राज्यभर एकच पुस्तक आलं. स्वस्त, सगळ्यांना सारखं, आणि मराठीच नाही तर उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा माध्यमांतही. हा फायदा खरंच मोठा होता, गडचिरोलीच्या आणि दादरच्या मुलाच्या हातात तेच पुस्तक. पण एकच पुस्तक म्हटलं की त्यातला एकेक शब्द अख्ख्या राज्याचा प्रश्न होतो, आणि २०१९ ला नेमकं तेच झालं.

त्या जूनमध्ये दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘सत्त्याण्णव’बरोबर ‘नव्वद सात’ असं वाचन दिलं होतं. बरोबर हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बातम्या अशा फिरल्या की जणू एकवीस, बावीस हद्दपारच केले, प्रत्यक्षात दोन्ही रूपं होती. सभागृहात आडनावांवरून विनोद झाले, टीव्हीवर चर्चा झाल्या, व्हॉट्सॲपवर तर काही विचारू नका. समितीच्या अध्यक्ष गणितातल्या ज्येष्ठ विदुषी होत्या, त्यांनी कारणं शांतपणे सांगितली, ती ऐकली फार थोड्यांनी.

कारण काय होतं, तर मराठीत आपण लिहितो एका क्रमाने आणि बोलतो उलट्या. २७ लिहिताना आधी दोन, पण ‘सत्तावीस’ म्हणताना कानावर आधी सात पडतो, म्हणून मूल ७२ लिहितं. दुसरी-तिसरीच्या वर्गात थोडा वेळ जरी बसलात तरी ही चूक दिसेल, ते मूल मंद नसतं, ते जसं ऐकतं तसं लिहितं. त्यात जोडाक्षरं, त्र्याण्णव, अठ्ठ्याहत्तर. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही वजाबाकीची रूपं, ती एकोणनव्वदपर्यंत चालतात आणि मग अचानक नव्याण्णव. ज्या घरात आकडे रोज बोलले जातात तिथलं मूल हे सगळं नकळत उचलतं, पण ज्याच्या घरी बोली वेगळी किंवा शाळेत जाणारं तेच पहिलं, त्याला एकवीस ते नव्याण्णव हे जवळजवळ सुटे सुटे शब्द म्हणून पाठ करावे लागतात. कन्नड, तेलुगूत आधी दशक आणि मग एकक बोलतात, म्हणजे अक्कलकोट-जतकडच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतलं मूल पहिल्यापासून ‘वीस एक’सारखंच म्हणतंय आणि तिथे कोणाची भाषा बुडालेली नाही.

विरोधातही दम होता, तो नाकारत नाही. बाजारात कोणी ‘सत्तर पाच रुपये द्या’ म्हणत नाही, पाढे जुन्याच शब्दांत आहेत, आणि ‘वीस एक’ ऐकून मूल २०१ लिहील ही भीती शिक्षकांनीच बोलून दाखवली तर ती ऐकायलाच हवी. मला त्रास याचा होतो की दोन्ही बाजूंचे हे मुद्दे वर्गात तपासून बघण्यासारखे होते, दहा शाळांत वर्षभर असं, दहा शाळांत तसं, आणि मग बोला. त्याऐवजी निकाल लागला तो कोणाचा विनोद जास्त चालला यावर. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही.

त्यानंतर पुस्तकाबद्दलचे निर्णय आणखी वरून आणि आणखी घाईने यायला लागले असं माझं मत आहे. २०२३ ला ठरलं की दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत पाठांनंतर वहीची कोरी पानं जोडायची आणि पुस्तकाचे चार भाग करायचे, दप्तराचं ओझं कमी होईल आणि ज्यांना वही परवडत नाही त्यांची सोय होईल म्हणून. हेतू चांगला, पण मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली, पानं कोरी राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं बंद करायचा आदेश निघाला.

मग भाषा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्पा, म्हणजे बालवाडी ते दुसरी, वेगळा केला, त्यावर केंद्राचे आराखडे आले, राज्याचे आले, आणि १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय, ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलांनी मागायला हवी. ज्या शाळेत पहिलीचा पटच सात-आठ आहे तिथे या पर्यायाचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, आणि वाडीवस्तीवरच्या शाळा अशाच आहेत. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि नवी समिती जाहीर झाली, तोवर बऱ्याच ठिकाणी पहिलीचे वर्ग भरायला लागून जवळपास दोन आठवडे झाले होते.