खाली मान घालून बसणारी मुलं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या आडगावचा आदिवासी मुलगा समुपदेशकासमोर येऊन बसतो. मान खाली, नजर जमिनीवर, विचारलेल्या प्रश्नाला बराच वेळ उत्तर नाही. शहरात शिकून आलेला माणूस हे सगळं नैराश्याचं लक्षण म्हणून टिपून घेतो. मुलाच्या घरी मात्र मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवणं हा मान राखण्याचा भाग असतो. या मुलांच्या मनाची काळजी घ्यायची तर ती घेणाऱ्यालाच आधी काय शिकवावं लागेल, हा प्रश्न तिथे इथून सुरू होतो.

मुलाच्या गप्प राहण्यामागे दुसरंही कारण आहे, आणि ते त्याच्या आजीच्या काळातलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 1905 च्या कायद्यानं सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचं कायदेशीर पालकत्व एका सरकारी अधिकाऱ्याकडे दिलं. आई जिवंत, बाप जिवंत, तरी पालक सरकार! मुलं उचलून वसाहतींत आणि मिशनच्या वसतिगृहांत नेली गेली. इतर प्रांतांतही असेच कायदे होते. 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजानुसार 1910 ते 1970 या काळात दर दहांपैकी एक ते दर तिनांपैकी एक आदिवासी मूल घरातून बळजबरीनं नेलं गेलं. ज्या घरानं कल्याण खात्याची गाडी दारात थांबलेली पाहिली आहे, त्या घरातलं पोर ‘तुला काय वाटतं ते मोकळेपणानं सांग’ असं म्हणणाऱ्या परक्या माणसावर विश्वास का ठेवील?

या जखमेचा माग पुढे कोठडीपर्यंत गेला. पोलीस आणि तुरुंगाच्या ताब्यातल्या 99 आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी 1987 ते 1991 या काळात एका शाही आयोगानं केली. त्यांतले 43 जण लहानपणी आपल्या कुटुंबापासून तोडले गेले होते. मला हा आकडा वाचून पुढचं पान उलटवेना.

दरम्यान आदिवासी समाज आपल्या शब्दांत बोलू लागला होता. सिडनीच्या रेडफर्न भागात 1971 मध्ये त्यांनी स्वतःचा दवाखाना उभा केला. 1989 च्या राष्ट्रीय आदिवासी आरोग्य धोरणात आरोग्याची व्याख्याच त्यांच्या पद्धतीनं मांडली गेली: एका माणसाचं शरीर ठीक असणं पुरेसं नाही, सगळ्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य हवं. मन, नातीगोती, पूर्वज आणि जमीन एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, हे त्यामागचं म्हणणं.

सामान्य माणसाला मानसिक प्रथमोपचार शिकवण्याची कल्पनाही ऑस्ट्रेलियातलीच. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी 2000 मध्ये कॅनबेरात हा अभ्यासक्रम सुरू केला. शेजारी, शिक्षक, खेळाचा प्रशिक्षक यांनी संकटातल्या माणसाशी कसं बोलावं, हे त्यात शिकवतात. आदिवासींसाठीची त्याची आवृत्ती 2007 मध्ये आली. नुसतं चित्रं आणि नावं बदलून भागणार नव्हतं. म्हणून मार्गदर्शक सूचना ठरवताना आदिवासी तज्ज्ञांचीच मतं पुन्हा पुन्हा घेतली गेली, आणि हा अभ्यासक्रम शिकवणारेही आदिवासीच असावेत असं ठरलं. माझ्या मते खरा बदल इथे झाला.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागातल्या न्जामाल या आदिवासी समाजाच्या मानसशास्त्रज्ञ ट्रेसी वेस्टरमन यांनी आदिवासी किशोरांसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली. मुलखाच्या ओढीनं आजारी पडणं हेही त्यांनी अभ्यासाचा विषय मानलं. जुन्या चाचण्यांत या दुखण्याला जागाच नव्हती. सासरी जीव न रमणाऱ्या पोरीचं दुखणं आपल्या जात्यावरच्या ओव्यांना कळतं, तसंच हे. फक्त इथे माहेर म्हणजे अख्खा मुलूख, तिथले पाणवठे आणि डोंगर. मृत्यूनंतरचे शोकविधीही असेच. ते कित्येक दिवस चालतात, अनेक ठिकाणी गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत. हे माहीत नसलेला कार्यकर्ता सांत्वनाला जातो आणि जखम उघडी करून येतो.

ऐकावं कसं, याचाही धडा तिथूनच मिळाला. उत्तरेकडच्या डेली नदीकाठच्या शिक्षिका आणि चित्रकार मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी ‘दादिरी’ हा आपल्या भाषेतला शब्द 1988 मध्ये जगासमोर ठेवला. दादिरी म्हणजे शांत, खोल ऐकणं, वाट पाहत ऐकणं. आज समुपदेशकांच्या प्रशिक्षणात तो शब्द येतो. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं आदिवासींची जाहीर माफी मागितली. आपण त्यांचं पुरेसं ऐकलं नाही, ही कबुली त्यात होती.

तरीही 2019 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किंबर्ली भागातल्या 13 मुलां-तरुणांच्या, बहुतेक आत्महत्येनं झालेल्या, मृत्यूंवरचा चौकशी अहवाल आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या आघाताकडे त्यानं पुन्हा बोट दाखवलं. किंबर्ली हा मुलूख महाराष्ट्राहून मोठा आणि वस्ती अगदी विरळ. सगळीकडे डॉक्टर पोचणं अवघडच. याच भागातल्या ब्रूम गावच्या फुटबॉल क्लबनं आपले सोबती आत्महत्येत एकामागून एक गमावल्यावर ती टाळण्यासाठी खेळाडूंनाच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली होती. तीच पोरं मग आपल्याहून धाकट्यांशी बोलायला बसू लागली.