जुन्या व्हॅनच्या सुट्या भागांच्या किमती

उत्पादन थांबलेल्या व्हॅनच्या सुट्या भागांचा भाव गाडीच्या वयावर फारसा ठरत नाही. तो भाग आणखी किती गाड्यांना बसतो, तशा किती व्हॅन अजून रस्त्यावर आहेत आणि किती भंगारात निघाल्या, यांवर तो ठरतो. भारतातले ठळक उदाहरण मारुती ओम्नीचे. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी सुरक्षेचे नवे निकष आल्यावर २०१९ मध्ये बंद झाली. दरम्यान शाळेची मुले, रुग्ण, भाजीपाला असे सगळे तिने वाहिले.

ओम्नीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मारुती ८०० मध्येही होते. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट हा माल अनेक कारखान्यांनी काढला आणि चढाओढीत तो स्वस्त राहिला. गिअरबॉक्सचे तसे नाही. ८००ला जोर पुढच्या चाकांना मिळतो, ओम्नीला मागच्या. साहजिकच ८००चा गिअरबॉक्स तिला चालत नाही.

सरकत्या दाराकडे पाहिले की फरक आणखी स्पष्ट होतो. रोलर झिजला की दार खाली बसते, अर्ध्यावर अडते आणि उचलून ढकलल्याशिवाय लागत नाही. हा रोलर छोटा वर्कशॉपवालाही बनवू शकतो, म्हणून तो महाग नाही. अख्खे दार दाबून काढायचे तर मोठा साचा लागतो आणि थोड्याशा मागणीसाठी तो खर्च कोणी करत नाही. मग आधार उरतो तो कटिंगच्या मालाचा, म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांतून सोडवलेल्या भागांचा. त्याचे बाजार : मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टै.

टंचाई असली तरी हा भाव वाटेल तितका चढत नाही, कारण त्याला छत आहे ते खुद्द गाडीच्या किमतीचे. दुरुस्तीचा खर्च त्याच्यावर गेला की मालक व्हॅन भंगारात देतो. एक गिऱ्हाईक कमी होते आणि एक दार बाजारात येते. गॅरेजवाले जुन्या गाडीला हात लावण्याआधी ‘ठेवायची की काढायची?’ विचारतात, ते उगीच नव्हे.

हौशी लोक शिरले की हे छत उडते. फोक्सवॅगनच्या पहिल्या पिढीच्या व्हॅनचे (जर्मनीत १९५०–६७) तसेच झाले. तिच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे बरेच भाग त्याच कंपनीच्या बीटल मोटारीशी जुळणारे. बीटल २ कोटींहून अधिक निघाल्या, त्यामुळे तो माल आजही मिळतो. ब्राझीलमध्ये याच घराण्यातली व्हॅन ‘कोंबी’ नावाने थेट २०१३ पर्यंत बनत होती, त्याचाही पुरवठ्याला हातभार लागला. पण पहिल्या पिढीतल्याच, छताच्या कडेला छोट्या काचा असलेल्या ‘सांबा’ प्रकाराचे खास भाग दुर्मीळ. गाडीच संग्राहकांची झाल्यामुळे मालक त्या भागांसाठी मागाल ती किंमत देतात. ओम्नीवर असा काळ अजून आलेला नाही.

नियमांचाही भावावर परिणाम होतो, पण तो एकाच दिशेने होत नाही. व्हॅन मोठ्या संख्येने मोडीत काढल्या तर जुना माल वाढतो आणि तो घेणारेही घटतात. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यावर अनेकांनी गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन परराज्यांत विकल्या. गाडी जिथे गेली, तिथे तिच्या भागांची मागणीही गेली.